पंडिता रमाबाई : संकटातही चालू राहिलेली शाळा



२०२० साली कोरोनामुळे शाळांना कुलपे लागली, तेव्हा मुलांच्या शिक्षणाचे काय, ही चिंता आपण सर्वांनी केली. अशा वेळी पंडिता रमाबाईंचे जीवन आठवावे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईवडील व बहीण दुष्काळात गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या कॅथलिक नव्हत्या, तरी त्यांची सेवा आपल्याला परकी नाही.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली आणल्या; पण प्लेगच्या भीतीने त्यांना शहरात ठेवण्यास मनाई झाली. शाळेच्या उत्पन्नासाठी केडगावला आधीच घेतलेली फळबागेची जमीन तेव्हा कामी आली. तेथेच 'मुक्ती सदन' उभे राहिले. मुली वाचनलेखनाबरोबर शेती, विणकाम व छपाई शिकल्या. १९०० पर्यंत त्यांची संख्या दीड हजारांवर गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूघरी गेल्या. त्यांचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

घरात अडचण आली की बहुधा आधी मुलीची शाळा सुटते. करंजात असे घर दिसल्यास आम्हाला जरूर कळवा. आपण मिळून मार्ग काढू.

आपले धर्मगुरू