पाचगणीचा विद्यार्थी आणि नाताळचा पहिला क्रमांक

डिसेंबर उजाडला की आपल्या घराघरांत नाताळची तयारी सुरू होते. गोठ्यासाठी गवत आणि माती गोळा होते, करंज्या-शंकरपाळ्यांचा बेत ठरतो, गायनमंडळाचा सराव रात्री उशिरापर्यंत चालतो. अलीकडे त्यात आणखी एक गोष्ट आली आहे. आपली तरुण मुले मोबाईलवर जगभरची नाताळगीते ऐकतात, आणि कोणते गाणे किती कोटी वेळा ऐकले गेले, या आठवड्यात कोण पहिले आणि कोण दुसरे, याचे आकडे एकमेकांना सांगतात.

वडीलधाऱ्यांना हे वेड नवे वाटू नये. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि कोणते गाणे कितव्या पायदानावर आले, हे ऐकण्यासाठी रस्ते ओस पडू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडमध्ये तबकड्यांच्या खपावरून गाण्यांची पहिली यादी छापली गेली. पुढे नाताळच्या आठवड्यात त्या यादीत पहिले येणे हा तिकडे मोठा मान ठरला. लोक त्यावर पैजाही लावतात. असा मान एकाच गाण्याने दोनदा मिळवणाऱ्या एका गायकाची जीवनकहाणी आम्ही आज सांगणार आहोत. त्याचे बालपण आपल्या महाराष्ट्रात गेले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

त्याचे मूळ नाव फारुख बुलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांजिबार बेटावर एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. घराणे मूळचे गुजरातमधील वलसाडचे. वलसाडला पूर्वी बुलसार म्हणत, त्यावरून आडनाव पडले. वडील बोमी इंग्रज सरकारच्या नोकरीत होते, आईचे नाव जेर. वयाच्या आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला शिक्षणासाठी बोटीने भारतात पाठवले आणि सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवले.

ज्यांनी आपली मुले लहान वयात बोर्डिंगला ठेवली आहेत, त्यांना त्या मुलाच्या मनाची कल्पना येईल. आईवडील समुद्रापलीकडे, छोट्या सुट्टीत मुंबईच्या नातेवाइकांकडे जायचे. तोंडात जास्तीचे दात असल्याने वरचे दात पुढे आलेले, म्हणून मुले चिडवत. पण शाळेत पियानो शिकवत असत, गायनमंडळही होते, आणि या लाजऱ्या मुलाला तिथे आपली जागा सापडली. एकदा ऐकलेले गाणे तो पियानोवर वाजवून दाखवी. १९५८ साली, बारा वर्षांचा असताना, त्याने चार वर्गमित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. फारुखचा ‘फ्रेडी’ झाला तोही पाचगणीतच.

१९६३ साली तो झांजिबारला परतला. पुढच्याच वर्षी जानेवारीत तिथे क्रांती झाली आणि जीव वाचवण्यासाठी कुटुंबाला देश सोडावा लागला. इंग्लंडमध्ये लंडनच्या विमानतळाजवळील फेल्टम या वस्तीत त्यांनी नव्याने संसार मांडला. फ्रेडी चित्रकलेच्या कॉलेजात शिकला. पोटासाठी त्याने विमानतळावर सामान उचलले, बाजारात जुने कपडे विकले. १९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने ‘क्वीन’ हा वाद्यवृंद उभा केला, जॉन डीकन पुढच्या वर्षी आला. फ्रेडीने आता मर्क्युरी हे आडनाव घेतले.

१९७५ साली त्याने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणे रचले. ते जवळजवळ सहा मिनिटांचे होते. एवढे लांब गाणे रेडिओ लावणार नाही, असे कंपनीचे म्हणणे पडले. त्यात मोठ्या समूहाचे गायन ऐकू येते, पण गाणारे फक्त तिघे. तेच आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवलेले होते. लंडनच्या एका रेडिओ निवेदकाने एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजवले आणि लोक दुकानांत विचारू लागले. हे गाणे नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्यातच नाताळ आला. गंमत अशी की गाण्याचा नाताळशी काहीच संबंध नाही. १९८४ साली ‘क्वीन’ने नाताळसाठी म्हणून एक खास गाणे काढले, फ्रेडीनेच ते गायले, पण ते एकविसाव्या क्रमांकाच्या पुढे गेले नाही.

त्याच १९८४ च्या नाताळात इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी अनेक गायकांनी मिळून केलेले गाणे पहिले आले होते. त्यातून पुढे १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर मोठा मदत कार्यक्रम झाला. सुमारे बहात्तर हजार लोकांसमोर फ्रेडी त्या दिवशी जे गायला, ते आजही लोक आठवणीने पाहतात.

१९८७ साली त्याला एड्स असल्याचे निदान झाले. त्या काळी या आजाराचे नाव काढले तरी लोक चार पावले मागे सरत. परिणामकारक अशी एकत्रित औषधे १९९६ च्या सुमारास आली, ती त्याच्या नशिबी नव्हती. वृत्तपत्रे घराबाहेर पाळत ठेवून असत. तो खंगत गेला, पण जमेल तोवर ध्वनिमुद्रण करत राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपला आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडनच्या राहत्या घरी त्याचे निधन झाले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला.

नाताळ महिन्यावर आला होता. तेच सोळा वर्षांपूर्वीचे गाणे डिसेंबरात पुन्हा बाजारात आणले गेले आणि त्याची मिळकत एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्याचे ठरले. चाहत्यांनी दुकानांपुढे गर्दी केली. गाणे पुन्हा पहिले आले आणि नाताळातही पहिलेच राहिले. एकाच गायकाचे तेच ध्वनिमुद्रण दोन नाताळांत पहिले यावे, असे तोवर कधी घडले नव्हते. संस्थेला दहा लाख पौंडांहून अधिक मदत मिळाली. पुढे मित्रांनी त्याच्या नावाने ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा केला.

आता तबकड्यांची दुकाने जवळजवळ गेली. २०१४ पासून इंग्लंडच्या यादीत मोबाईल-संगणकावर ऐकलेली गाणीही मोजली जातात. सुरुवातीला शंभर वेळा ऐकणे म्हणजे एक विक्री, असा हिशेब होता. त्यामुळे जुनी गाणी दर डिसेंबरला नव्याने वर येतात. ‘व्हॅम’चे ‘लास्ट ख्रिसमस’ १९८४ साली दुसरेच राहिले होते. ते २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे नाताळात पहिले आले. त्याचा गायक जॉर्ज मायकेल २०१६ साली ऐन नाताळच्या दिवशी वारला होता. अमेरिकेत ब्रेंडा ली या गायिकेने लहानपणी, १९५८ साली गायलेले नाताळगीत २०२३ मध्ये प्रथमच पहिले आले. फ्रेडीचे गाणेही डिसेंबर २०१८ पर्यंत एक अब्ज साठ कोटी वेळा ऐकले गेले होते आणि विसाव्या शतकातील सर्वाधिक ऐकलेले गाणे म्हणून जाहीर झाले.

बंधुभगिनींनो, आकडे मोठे झाले. पण आम्हांला वाटते, या सगळ्यांत वजनदार आकडा १९९१ चाच आहे. त्या नाताळात ज्याने तबकडी विकत घेतली, त्याचे पैसे अशा रुग्णापर्यंत पोहोचले, ज्याच्या हातचे पाणी प्यायला शेजारी घाबरत होता. क्रमांक जानेवारीत गेला. मदत मात्र पोहोचली.

आपल्याकडे २००४ पासून सरकारी केंद्रांत या आजाराची औषधे मोफत मिळू लागली आणि २०१७ च्या कायद्याने अशा रुग्णाशी भेदभाव करण्यास मनाई केली. औषध मिळते, पण खेड्यापाड्यांत माणूस अजूनही आजार लपवतो, कारण त्याला मरणापेक्षा लोकांच्या बोलण्याची भीती वाटते. १ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन आगमनकाळाच्या सुरुवातीलाच येतो. यंदा घरोघर गाणी म्हणत फिरताना, ज्या घरी आजारामुळे फारसे कोणी जात नाही, ते घर वगळू नये. तिथे दोन गाणी जास्तच म्हणावीत, आणि चहाचा कप पुढे आला तर तोही घ्यावा.