हात धुवा म्हणणारा डॉक्टर

सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांची चित्रे लावलेली असतात आणि त्याच भिंतीखालून डॉक्टर, परिचारिका एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे तशाच हातांनी जातात. साहेब, आधी हात धुवा, असे सांगण्याची गोरगरीब रुग्णाची छाती होत नाही. ज्या डॉक्टराने हे सांगण्याची हिंमत केली, त्याचे काय झाले?

डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा येथे एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी झाला. कायदा शिकायला व्हिएन्नाला गेले आणि डॉक्टर झाले. १८४६ साली तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात ते प्रसूती विभागाचे सहायक म्हणून रुजू झाले. तिथे येत कोण? गरीब, निराधार, अविवाहित माता. फुकट उपचाराच्या बदल्यात त्यांची शरीरे विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी वापरली जात. विभाग दोन होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, सुईणींच्या विभागात तीनसुद्धा नाहीत! बायका गुडघे टेकून विनवत, पहिल्या विभागात टाकू नका.

हवा दूषित आहे, गर्दी फार आहे, असे पंडित सांगत. पण हवा दोन्हीकडे सारखीच होती आणि गर्दी तर सुईणींच्या विभागातच जास्त होती! सेमेलवाइस यांनी एकेक कारण तपासून बाजूला टाकले. मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्रा. कोलेच्का शवविच्छेदनावेळी विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून वारले आणि त्यांच्या प्रेतात बाळंतज्वराचीच लक्षणे आढळली. मग उलगडा झाला. विद्यार्थी प्रेते फाडून थेट बाळंतिणींना तपासत होते. सुईणी प्रेतांना हात लावत नव्हत्या.

मे १८४७ मध्ये त्यांनी हुकूम काढला : क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याखेरीज कुणालाही तपासायचे नाही. एप्रिलमध्ये मृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांवर होते, जूनमध्ये ते सुमारे दोन टक्क्यांवर आले. १८४८ साली तर दोन महिने असे गेले की एकही बाळंतीण दगावली नाही. आपल्याच हातांनी आपण किती स्त्रिया मारल्या, याची कबुलीही त्यांनी स्वतःहून दिली. असा प्रामाणिकपणा प्रस्थापितांना कसा परवडणार? आमचे हात अपवित्र कसे, हाच त्यांचा राग. शुद्ध-अशुद्ध पदावरून ठरवणारी मंडळी आपल्याच देशात असतात असे नाही! विभागप्रमुख क्लाइन यांनी १८४९ साली त्यांची मुदत वाढवली नाही.

१८५० मध्ये ते पेस्टला परतले आणि सेंट रोकस रुग्णालयात हाच नियम लावून मृत्यू एका टक्क्याखाली आणले. १८६१ चा त्यांचा ग्रंथ मात्र मोठमोठ्या प्राध्यापकांनी धुडकावला. मग त्यांनी उघड पत्रे लिहून हात न धुणाऱ्या डॉक्टरांना खुनी ठरवले. (इथे त्यांचा तोल गेला हे खरे, पण मरणाऱ्या बाया कुणी मोजत होते का?)

जुलै १८६५ मध्ये फसवून त्यांना व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेण्यात आले. तिथे पहारेकऱ्यांनी मारहाण केली. १३ ऑगस्ट रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, जखम चिघळून रक्तात विष पसरले आणि ते वारले. पाश्चर यांनी पॅरिसच्या सभेत फळ्यावर बाळंतज्वराच्या जंतूंचे चित्र काढून दाखवले ते १८७९ साली, चौदा वर्षांनंतर.