खांद्यावर सायकल घेणारा विजेता : ऑक्ताव्ह लापीझ

आश्विन महिना लागला, पावसानें उघडीप दिली आणि सातगांव पठारावर बटाट्याची काढणी सुरू झाली, म्हणजे पेठ गांवाभोंवतालच्या वाटांना एक निराळेंच रूप येतें. वर ऊन कडक असतें, पण बांधाच्या कडेचा चिखल अजून वाळलेला नसतो. चाकोऱ्यांतून पाणी सांचलेलें असतें. अशा वाटांनीं सायकलवरून शाळेस येणारीं मुलें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. एकदां अशाच दिवसांत मंचरकडून अवसरीचा घाट चढून पेठेकडे येत असतां एक विद्यार्थी सायकल हातांत धरून चालतांना मला दिसला. मला पाहतांच तो ओशाळला, घाईघाईनें सायकलवर बसला, दहावीस हात गेला आणि पुन्हां उतरला. सायकलस्वारानें उतरून चालणें म्हणजे कमीपणा, अशी त्याची समजूत असावी. त्याला सांगावें म्हणून जें चरित्र त्या वेळीं मनांत आलें, तेंच येथें देत आहें. तें दूरच्या देशांतील आहे खरें. परंतु घाट, चिखल आणि सायकल हीं तिन्ही आपल्या ओळखीचींच आहेत.

ऑक्ताव्ह लापीझ याचा जन्म २४ ऑक्टोबर १८८७ रोजीं फ्रान्सच्या राजधानींत, पॅरिस परिसरांत झाला. बांधा लहान, अंग चपळ आणि केस कुरळे. त्या केसांवरून लोकांनीं पुढें त्याचें टोपणनांवच ‘कुरळ्या’ असें पाडलें. त्याचें बालपण गेलें त्या काळांत फ्रान्समध्यें सायकलीचें वेड शिगेस पोहोंचत होतें. वर्तमानपत्रें आपला खप वाढविण्यासाठीं शर्यती भरवीत आणि सायकलीचे कारखानदार आपला माल खपावा म्हणून शर्यतपटूंना पदरीं ठेवीत. टूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यतदेखील १९०३ सालीं ‘लोतो’ नांवाच्या एका वर्तमानपत्रानेंच सुरू केली.

परंतु सडकेवरील ह्या शर्यती वसंत व ग्रीष्म ऋतूंतल्या. शरद ऋतू आला, पाऊस व थंडी पडूं लागली, कीं शर्यतपटू रिकामा होई. ह्या रिकाम्या महिन्यांसाठीं फ्रेंच लोकांनीं एक चमत्कारिक खेळ काढला. असें सांगतात कीं, दानिएल गूसो नांवाचा एक फ्रेंच शिपाई आपल्या घोडेस्वार मित्रांबरोबर रानांतून सायकल हांकीत असे. घोडे ओढे-कुंपणें ओलांडून जात. हा उतरून सायकल उचली व त्यांच्या मागें धांवे. त्यांतूनच रानावनांतील सायकलशर्यतीची कल्पना निघाली आणि १९०२ सालीं फ्रान्समध्यें तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ह्या खेळाला सायक्लोक्रॉस म्हणतात.

ह्या खेळाची रीत समजून घेण्याजोगी आहे. शेतें, रान, ओढा, चढण, पायऱ्या, आडव्या टाकलेल्या फळ्या अशा वाटेनें शर्यत जाते. जेथें चाक चालेल तेथें बसून जावयाचें. जेथें चालणार नाहीं तेथें उतरून धांवावयाचें. उतरण्यासाठीं थांबावयाचें मात्र नाहीं. सायकल वेगांत असतांनाच उजवा पाय मागून आणून डाव्या बाजूस घ्यावयाचा, क्षणभर डाव्या पायावर तोल सांवरावयाचा, आणि पाय जमिनीला लागतो न लागतो तोंच सायकलीच्या सांगाड्यांत हात घालून ती उजव्या खांद्यावर टाकावयाची. चढण संपली कीं ती अलगद खालीं ठेवून पुन्हां उडी मारून बसावयाचें. हें सर्व गोठलेल्या बोटांनीं आणि चिखलानें जड झालेल्या चाकांनिशीं! ज्यानें कोणीं भरलेला हंडा डोक्यावर घेऊन निसरड्या बांधावरून चालून पाहिलें असेल, त्याला ह्यांतील तोल थोडासा कळेल.

लापीझ ऐन तारुण्यांत ह्या खेळांत शिरला, आणि १९०७ सालापर्यंत, म्हणजे वयाच्या विशीच्या आसपास, त्याचें ह्या क्षेत्रांत नांव झालें होतें. तेव्हां तो हौशी खेळाडू होता. शर्यतीवर पोट भरणारा नव्हता. हौशी म्हणूनच तो १९०८ सालच्या लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरला व बांधीव धांवपट्टीवरील १०० किलोमीटरच्या शर्यतींत तिसरा आला. पहिले दोघे इंग्रज होते. दुसऱ्याच वर्षीं तो धंदेवाईक झाला.

धंदेवाईक होतांच १९०९ च्या वसंतांत त्यानें पॅरिस ते रूबे ही शर्यत जिंकली. उत्तर फ्रान्समधील ही वाट उंचसखल दगडांच्या फरसबंदीची. पाऊस पडला कीं दगडांवर चिखलाचा थर बसतो व चाक क्षणांत निसटतें. लापीझनें ती शर्यत १९०९, १९१० व १९११ अशी लागोपाठ तीन वर्षें जिंकली. शरदांतील चिखलानें त्याला काय शिकविलें होतें, हें येथें प्रथम दिसून आलें.

आतां १९१० सालच्या टूर द फ्रान्सकडे वळूं, कारण लापीझचें नांव आज राहिलें आहे तें त्या एका महिन्यामुळें. त्या वर्षीं शर्यतीचे पंधरा टप्पे होते आणि एकंदर अंतर सुमारें ४,७०० किलोमीटर होतें. फ्रान्स व स्पेन ह्यांच्या सीमेवरील पिरिनीज पर्वताचे उंच घाट त्या वर्षीं शर्यतींत प्रथमच घालण्यांत आले. ही कल्पना वर्तमानपत्राच्या कचेरींतील आल्फोंस स्तेनेस ह्या गृहस्थाची. संपादक आंरी देग्रांज ह्यांस ती वेडगळ वाटली, तेव्हां स्तेनेस स्वतः वाट पाहावयास गेला. तुर्माले घाटांत त्याची मोटार बर्फांत अडकली; तो अंधारांतून एकटाच पायीं निघाला, वाट चुकला, घसरून पडला, आणि पहांटेच्या सुमारास खालच्या गांवच्या लोकांस अर्धमेल्या स्थितींत सांपडला. एवढें होऊनही त्यानें पॅरिसला तार केली ती घाट अगदीं चांगला व जाण्यायोग्य असल्याची! त्याच्या धाडसाचें कौतुक करावें कीं त्याच्या खोटेपणाचा राग धरावा, हें ठरविणें कठीण आहे. मला विचाराल तर, दुसऱ्यांच्या जिवावर बेतणारी गोष्ट तारेंतून खोटी कळविणें मला बरें वाटत नाहीं.

२१ जुलै १९१० रोजीं पहांटे साडेतीनच्या सुमारास, लुशों ह्या गांवाहून दहावा टप्पा सुरू झाला. अंतर ३२६ किलोमीटर. म्हणजे पुण्याहून नाशिकला जाऊन पुन्हां निम्म्याहून अधिक वाट परत येण्याइतकें. वाटेंत पेरसूर्द, आस्पें, तुर्माले व ओबिस्क असे एकामागून एक घाट. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. तुर्मालेची खिंड २,११५ मीटरांवर आहे आणि ओबिस्कची १,७०९ मीटरांवर. आणि वाट म्हणजे आजची गुळगुळीत डांबरी सडक नव्हे. दगडगोट्यांनीं भरलेली, गुरांच्या व लांकडें वाहणाऱ्यांच्या उपयोगाची पायवाटच ती. सायकलीही आजच्यासारख्या नव्हत्या. चढावर हलकें व सपाटीवर जड असें गियर बदलण्याची सोय टूर द फ्रान्समध्यें १९३७ सालापर्यंत मना होती. फार तर उतरून मागचें चाक काढावयाचें व उलटें बसवावयाचें. त्याच्या दोन्ही बाजूंस निरनिराळ्या दांत्यांचीं चक्रें असत. जादा टायर खांद्याभोंवतीं आडवे गुंडाळलेले असत आणि मोडतोड झाली तर दुरुस्ती ज्याची त्यानेंच करावयाची असे.

तुर्मालेच्या माथ्यावर प्रथम पोहोंचला तो लापीझ. परंतु सबंध घाट तो सायकलवर बसून चढला नव्हता. जेथें चाक चालेना तेथें तो उतरला व सायकल ढकलीत चालला. त्याचें तसें चालतांनाचें छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे. एकदांही न उतरतां तो घाट चढला तो ग्युस्ताव्ह गारिगू, व त्याबद्दल त्याला शंभर फ्रँकांचें बक्षीसही मिळालें. पण माथ्यावर तो लापीझच्या मागून आला. अवसरीच्या घाटांतील आमच्या विद्यार्थ्यानें हें ध्यानांत घ्यावें. न उतरण्याचें बक्षीस एकाला मिळालें आणि पुढें जाण्याचा मान दुसऱ्याला. कोठें उतरावें व कोठें बसावें हें ज्याला रानांतल्या शर्यतींनीं शिकविलें होतें, त्याला उतरण्याची लाज वाटत नव्हती.

पुढें ओबिस्कच्या चढावर मात्र त्याचें बळ संपत आलें. तेथें तो पहिल्या स्वाराच्या बराच मागें पडला होता. माथ्याशीं शर्यतीचे अधिकारी वाट पाहत उभे होते. त्यांस पाहतांच लापीझच्या संतापाचा बांध फुटला, आणि माणसांना असल्या वाटेवर घालणाऱ्या त्या मंडळींस त्यानें तोंडावर खुनी ठरविलें. वडील मंडळींशीं असें बोलावें असें मी विद्यार्थ्यांस सांगणार नाहीं. पण त्या दिवशीं बर्फ, दगड आणि खोटी तार ह्यांचा हिशेब मनांत आणला, तर त्याला सर्वस्वी दोष देणेंही माझ्यानें होत नाहीं. विशेष हें कीं, बोलून तो थांबला नाहीं. पुन्हां सायकलवर बसला, घाट उतरला, पुढें गेलेल्यांस गांठलें, आणि सुमारें चौदा तासांच्या प्रवासानंतर बायोन शहरांत तोच पहिला आला. आदल्या टप्प्यांतही तोच पहिला होता.

तरीही एकंदर शर्यत अजून त्याची झाली नव्हती. त्याचा खरा प्रतिस्पर्धी त्याच्याच कंपनीचा, आल्सियों सायकलीचा, शर्यतपटू होता. लक्झेंबर्गचा फ्रांस्वा फाबेर हा तो धिप्पाड पुरुष. आदल्या वर्षीं टूर त्यानेंच जिंकली होती. त्या काळीं निकाल वेळेवर नव्हे, तर क्रमांकावर ठरे. पहिल्यास एक गुण, दुसऱ्यास दोन, अशी बेरीज करून ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजेता. सपाटीवर फाबेर पुढें, घाटांत लापीझ पुढें, अशी ओढाताण अखेरपर्यंत चालली. ३१ जुलै रोजीं पॅरिसमध्यें बेरीज झाली तेव्हां लापीझचे ६३ व फाबेरचे ६७ गुण भरले. निघाले होते ११० जण, पोहोंचले ४१. आपल्या ह्या यशाचें श्रेय लापीझनें हिवाळ्यांतील रानशर्यतींना दिलें, आणि त्यामुळें त्या खेळाची कीर्ति एकाएकीं वाढली. उन्हाळ्यांत सडकेवर जिंकावयाचें तर शरदांत चिखलांत उतरावें, असें इतर शर्यतपटूंसही वाटूं लागलें.

येथें एझेन क्रिस्तोफ ह्याची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हाही रानशर्यतींतला मोठा गडी; १९०९ पासून १९१४ पर्यंत दरवर्षीं फ्रान्सचा विजेता तोच. १९१३ च्या टूरमध्यें तुर्माले उतरतांना त्याच्या सायकलीच्या पुढच्या चाकाचा चिमटा मोडला. त्यानें सायकल खांद्यावर टाकली, सुमारें चौदा किलोमीटर डोंगर उतरून लोहाराची साळ गांठली आणि स्वतःच्या हातांनीं चिमटा घडविला. भाता मात्र एका पोरानें चालविला; तर परक्याची मदत घेतली म्हणून त्याला दंड झाला! कायद्याचा असा कीस काढणारे लोक सर्वत्र असतात.

लापीझच्या पुढील वर्षांविषयीं थोडक्यांत सांगतों. १९११, १९१२ व १९१३ अशीं तीन वर्षें तो सडकेवरील शर्यतींत फ्रान्सचा विजेता होता. पॅरिस ते ब्रुसेल्स ही शर्यतही त्यानें ह्याच तिन्ही वर्षीं जिंकली. टूर द फ्रान्स मात्र त्याला पुन्हां साधली नाहीं. सहा वेळां तो त्या शर्यतींत उतरला, व ती पुरी केली ती एकट्या १९१० सालीं. १९१२ सालीं तो वरच्या क्रमांकावर असतांना, बेल्जियमचे सर्व स्वार कंपनीभेद विसरून आपल्या देशबांधवाला साह्य करीत आहेत अशी तक्रार करून त्यानें शर्यत सोडली. तक्रारींत तथ्य असेल. पण ज्यानें ओबिस्कवर रागावूनही पुढची वाट धरली, त्यानें ह्या वेळीं ती सोडावी ह्याचें मला वाईट वाटतें. मनुष्य सर्व दिवशीं सारखा नसतो.

१९१४ ची टूर २८ जून रोजीं सुरू झाली. त्याच दिवशीं साराएव्हो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजाचा वध झाला, आणि शर्यत संपल्यावर थोड्याच दिवसांत यूरोपभर महायुद्ध पेटलें. त्या शर्यतींतही लापीझनें एक टप्पा जिंकला होता. युद्धांत तो विमानचालक झाला व लढाऊ विमानांच्या पथकांत सार्जंट म्हणून काम करूं लागला. १४ जुलै १९१७ रोजीं, फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशीं, लॉरेन प्रांतांत फ्लिरे गांवाजवळ हवेंतील झुंजींत त्याचें विमान पाडलें गेलें व त्यांतच त्याचा अंत झाला. वयास तीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. चार गुणांनीं हरलेला फाबेर त्याच्याही आधीं, ९ मे १९१५ रोजीं, आरास शहरानजीक रणांगणावर पडला होता. तुर्मालेच्या वाटेवर एकमेकांशीं झगडलेले हे दोघे जोडीदार त्याच युद्धांत गेले.

लापीझनें ज्या खेळाला नांव मिळवून दिलें त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० सालीं पॅरिसमध्यें सुरू झाली, आणि पहिला विजेता झाला जाँ रोबिक. तोही १९४७ च्या टूरचा विजेताच होता. तुर्मालेच्या खिंडींत लापीझच्या स्मरणार्थ १९९९ सालीं एक पोलादी पुतळा उभारण्यांत आला. सायकलवर उभा राहून, तोंड उघडून धापा टाकीत चढणारा तो स्वार आहे. दरवर्षीं जूनमध्यें बर्फ वितळलें म्हणजे पुतळा खालून वर नेतात, आणि त्याच्याबरोबर शेंकडों हौशी सायकलस्वार घाट चढत जातात. कोणी बसून, कोणी उतरून. शरद ऋतू लागला, पहिलें बर्फ पडण्याची वेळ झाली, कीं पुतळा पुन्हां खालीं आणतात. त्याच सुमारास तिकडे शेतांतून आणि रानांतून चिखलांतल्या शर्यतींना आरंभ होतो.