लोखंडाचा सांधा : ऑस्कर शेलबर्ग

फाटलेलें वस्त्र शिंपी टांका घालून जोडतो, मोडलेलें लांकूड सुतार खिळ्यांनीं जोडतो. परंतु तडा गेलेलें लोखंड पुन्हां अखंड करावयाचें तर तें सांध्यापाशीं वितळवावें लागतें. वितळलेलें लोखंड हवेच्या संसर्गानें बिघडतें. ही अडचण दूर करणाऱ्या ऑस्कर शेलबर्ग ह्या स्वीडिश अभियंत्याचें चरित्र बोधप्रद आहे.

शेलबर्ग ह्यांचा जन्म २१ सप्टेंबर १८७० रोजीं स्वीडनमधील आर्विका ह्या गांवीं झाला. यंत्रविद्येचें शिक्षण घेतल्यावर कांहीं काळ त्यांनीं आगबोटींवर अभियंता म्हणून काम केलें. आगबोटीचा प्राण म्हणजे तिचा बॉयलर. त्याचे जाड पत्रे त्या काळीं रिव्हेटांनीं जोडीत. वाफेच्या दाबानें हे सांधे सैल होत व त्यांतून पाणी झिरपूं लागे. ठोकून बुजविलेली फट कांहीं दिवसांनीं पुन्हां उघडे. भर समुद्रांत बॉयलर फुटला तर बोटीवरील माणसांच्या जिवावर बेतणार, ही गोष्ट उघड होती.

विजेच्या ज्योतीनें लोखंड सांधण्याची युक्ति तेव्हां अगदीं नवी नव्हती. रशियांत बेनार्डोस ह्यांनीं कोळशाच्या कांडीनें, व पुढें १८८८ च्या सुमारास स्लाव्ह्यानोव्ह ह्यांनीं धातूच्या सळईनें ती साधली होती. परंतु उघडी लोखंडी सळई वापरली असतां ज्योत स्थिर राहत नसे. सांधा वरून धड दिसे, पण आंतून सच्छिद्र व ठिसूळ निघे. कारण हवेंतील प्राणवायु व नत्रवायु वितळलेल्या धातूंत शिरत.

शेलबर्ग ह्यांनीं सळई खनिज द्रव्यांच्या दाट लेपांत बुडवून वाळविली. ह्या लेपानें ज्योत स्थिरावली. शिवाय लेप वितळून त्याची मळी सांध्यावर पांघरुणासारखी पसरे व हवेला अटकाव करी. सांधा निवाल्यावर ती हातोडीनें झाडून टाकली म्हणजे खालीं चांगली धातु दृष्टीस पडे. १९०४ सालीं त्यांनीं गोथेनबर्ग येथें एसाब ही कंपनी स्थापन केली, आणि १९०७ सालीं लेप दिलेल्या सळईचें पेटंट मिळविलें. १९२० च्या सुमारास रिव्हेटांऐवजीं केवळ सांधकामानें जोडलेली एक लहान नौकाही त्यांच्या कंपनीनें तयार केली. ५ जुलै १९३१ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांनीं हेरलेलें तत्त्व आजही उपयोगी पडतें. समजा, एखाद्या गृहस्थानें जुनी मालमोटार घरींच दुरुस्त करावयास घेतली. सांधकामाचें यंत्र विकत घेतांना त्यानें केवळ किंमत पाहून चालणार नाहीं. वितळलेल्या धातूचें हवेपासून रक्षण कसें होणार, हें आधीं पाहिलें पाहिजे. गाडीचा जाड सांगाडा सांधावयास लेपाच्या सळईचें यंत्र चांगलें. तें उघड्या अंगणांतही चालतें. पातळ पत्र्याला मात्र त्या ज्योतीनें सहज भोंक पडतें. तेथें बारीक तार आपोआप पुढें सरकविणारें व नळकांड्यांतील वायूनें सांधा झांकणारें यंत्र सोयीचें. परंतु वारा तो वायु उडवून लावतो, म्हणून आडोसा हवा. मात्र कोंडलेल्या जागीं धूर सांचूं देऊं नये. घरांतील विजेची जोडणी यंत्राचा भार सोशील काय, हेंही आधीं तपासावें.

यंत्र कोणतेंही असो, गंज व रंग खरवडून काढावे आणि डोळ्यांवर काळ्या कांचेचा मुखवटा चढवावा. पेट्रोलच्या टांकीजवळ ज्योत कदापि नेऊं नये. रिकाम्या टांकींतही स्फोटक बाष्प उरलेलें असतें. सांगाड्याचा सांधा तर जाणत्या कारागिराकडून तपासून घेतल्यावांचून गाडी रस्त्यावर काढूं नये. कारण तो तुटला तर चालविणाऱ्याबरोबर वाटेनें जाणाऱ्यांचाही घात होईल.

विद्यार्थिमित्रहो, वरून गुळगुळीत दिसणाऱ्या सांध्यावर शेलबर्ग ह्यांनीं समाधान मानलें नाहीं. त्याच्या आंत काय आहे, हें त्यांनीं पाहिलें. आपण हातीं घेतलेलें कामही त्याच दृष्टीनें तपासून पाहूं या.