कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

एडवणच्या वाडीत नारळ सोलणाऱ्यास सोडण काढताना करवंटीला तडा जाऊ नये ही चिंता असते. भुईमुगाची शेंग हेही फळच. टरफल फुटावे पण दाणा अखंड राहावा, हे कौशल्य लोखंडी यंत्रात उतरविणाऱ्या लक्ष्मणरावांचे चरित्र आम्ही आपल्या बागाईतदार कुटुंबांपुढे ठेवीत आहो.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यास ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले, परंतु रंग नीट ओळखता येत नसल्याने त्यांना यंत्ररेखनाकडे वळावे लागले. ही आपत्ती आमच्या शेतकऱ्यांच्या पथ्यावर पडली! शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी बेळगावी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीपायी नांगरास दोन वर्षे गिऱ्हाईक मिळेना. तरी ते खचले नाहीत.

१९१० साली औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली. शेंगा फोडण्याचे हातयंत्र त्याच कारखान्याचे. अशा यंत्राचा दांडा हलविला की शेंगा जाळीवर घासून फुटतात व दाणे खाली पडतात. फट अरुंद झाली तर दाणा भरडतो, आणि भरडलेला दाणा बियाण्यास निरुपयोगी. रुंद झाली तर शेंग तशीच राहते. सारी मेख त्या फटीत! बोटे सोलवटेपर्यंत शेंगा फोडणाऱ्या बायाबापड्यांचे श्रम अशा यंत्रांनी हलके केले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले.