संसारी तुकोबाराय

जगद्गुरू तुकोबारायांचे चरित्र आपल्या दिंडीत कोणाला नव्याने सांगायला नको. इंद्रायणीतून वर आलेल्या वह्या, शिवरायांचा परत पाठवलेला नजराणा, वैकुंठगमन, हे सगळं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून या शताब्दी अंकात आम्ही त्यांच्या आयुष्याचा तो भाग घेतला आहे, जो कीर्तनात दोन वाक्यांत उरकतो आणि बुवा पुढे निघून जातात.

देहूचे मोरे म्हणजे खातंपितं घर. महाजनकी, शेती, वाण्याचं दुकान, थोडी सावकारी, आणि मूळपुरुष विश्वंभरबाबांपासून चालत आलेली पंढरीची वारी. महाराजांचा जन्म शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८ चा, असं बहुतेक ठिकाणी धरतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. सावजींचं मन संसारात नव्हतं, म्हणून बोल्होबांनी कारभार मधल्या मुलाच्या हाती दिला. वय जेमतेम तेरा. पहिली पत्नी रखमाबाई, तिला दमा; म्हणून पुण्याच्या अप्पाजी गुळव्यांची मुलगी जिजाई, म्हणजे आपली आवली, ही दुसरी केली.

सतरा-अठराव्या वर्षी आईवडील गेले. थोरली भावजय गेली, आणि सावजी घर सोडून तीर्थाला निघाले. घरात कर्ता पुरुष म्हणून एकटे तुकोबा उरले. त्यात १६३० चा दुष्काळ पडला. पाऊस नाही, दाणा नाही, गुरं दावणीला मेली. धंदा बसला, दिवाळं निघालं, गावातली पत गेली. रखमाबाई त्या उपासमारीत गेल्या. पाठोपाठ थोरला मुलगा संतू गेला.

इथे आम्हाला जरा थांबावंसं वाटतं. ज्याच्या दुकानातून गाव धान्य नेत होतं, त्याच्याच घरात बायको उपाशी गेली. त्या बापाला रात्री झोप कशी लागली असेल? आणि महाराजांनी हे झाकून ठेवलं नाही. दिवाळं निघालं, लाज वाटली, दुःखाने जीव त्रासला, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलं आहे. आपल्याकडचा गडी पीक गेल्याचं एक वेळ सांगेल, लाज वाटल्याचं सांगणार नाही. तो म्हणेल, चाललंय बरं.

तुकोबा उठले आणि भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. कोणाला सांगितलं नाही. घरचे घाबरले. कान्होबा शोधत निघाले. पंधरा दिवसांनी भाऊ सापडला, असं परंपरा सांगते. दोघे भाऊ इंद्रायणीकाठी आले. तिथे तुकोबांनी घरातली खतं मागवली. सगळी बुडवली असं आपण म्हणतो, पण तसं नाही. दोन वाटे केले. कान्होबाचा वाटा कान्होबाच्या हाती दिला, कारण त्याला त्याचा प्रपंच होता. आपला वाटा तेवढा डोहात सोडला. लोकांचं देणं माफ झालं आणि भावावर आपलं वैराग्य लादलंही नाही. आमच्या मते वह्या तरल्या त्या चमत्काराइतकाच हा प्रसंग मोठा आहे.

यावरून एक आठवण लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०२० आणि २०२१ साली पायी वारी झाली नाही. २०२२ ला आपली दिंडी पुन्हा चालली, तेव्हा आपल्यातल्या एकाचा तरणा मुलगा त्या साथीत गेलेला होता. नाव लिहीत नाही. तो गडी चालायचा, टाळ वाजवायचा, बोलायचा नाही. यवतच्या मुक्कामाला पिठलं-भाकरी वाढली तर ताटावरून उठून गेला. आपल्यातला एक जण मागे गेला आणि अंधारात नुसता शेजारी बसला. काय बोलणं झालं, कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वरवंडला तो पंगतीत जेवला. पुढे पंढरपुरापर्यंत दोघे एकाच फडातल्या पखवाजामागे जोडीने चालले.

असो. पुढे महाराजांनी पूर्वजांच्या विठ्ठलमंदिराचा जीर्णोद्धार केला. माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन रामकृष्णहरि मंत्र दिला. भंडाऱ्यावर चिंतन सुरू झालं. पण एकटं बसून राहणं तेवढंच. संध्याकाळी कीर्तनाला माणसं लागत. चाकणचे संताजी जगनाडे, कडूसचे गंगाधरपंत मवाळ असे चौदा टाळकरी त्यांच्या मागे उभे राहिले. ज्या माणसाचं घर रिकामं झालं होतं, त्याच्या पाठीशी चौदा जण.

आणि आवलीबाई. कीर्तनात त्यांना कजाग दाखवून हशा पिकवतात, ते आम्हाला पटत नाही. नवऱ्याचं चित्त संसारातून उठलेलं, घरात लेकरं, तरी ती बाई भाकरी बांधून भंडाऱ्याचा चढ चढायची. काशी, भागीरथी, गंगा या मुली आणि महादेव, विठोबा हे मुलगे तिनेच वाढवले. महाराजांनी जगाची आई पांडुरंगात पाहिली, पण घरातली आई हीच होती. बाप म्हणून महाराज कमी पडले का, हा प्रश्न वारकऱ्याने विचारू नये असं कोणी म्हणेल. आवलीबाईंनी तो रोज विचारला, आणि महाराजांनी ऐकून घेतला.

वाघोलीच्या रामेश्वर भटांनी हरकत घेतली, वह्या डोहात गेल्या. नगर रस्त्याने पुण्याला जाताना आपल्याला लागते तीच ही वाघोली. तेव्हाही महाराज तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी शिळेवर पडून राहिले. जवळ जे होतं ते दुसऱ्यांदा पाण्यात गेलं होतं. पहिल्यांदा स्वतः सोडलं, या वेळी सोडावं लागलं. वह्या वर आल्या. पुढे तेच रामेश्वर भट शिष्य झाले आणि त्यांनी महाराजांची आरती रचली.

शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीयेला, १६५० साली महाराज वैकुंठाला गेले. तेव्हा आवलीबाई गरोदर होत्या. कान्होबांना आता शोधायला डोंगर उरला नव्हता. गाथ्यात त्यांचे शोकाचे अभंग आहेत. त्यांत ते पांडुरंगाशी चक्क भांडतात, माझा भाऊ दे म्हणून अडून बसतात. एवढ्या मोठ्या संताचा भाऊ, पण त्याने शहाणपणाचा आव आणला नाही. आपल्या भजनात हे अभंग क्वचितच होतात, व्हायला हवेत.

आवलीबाईंच्या पोटी नारायणबाबा जन्मले. वडिलांचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. १६८५ साली त्यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका घेतल्या, आळंदीहून ज्ञानोबारायांच्या घेतल्या, दोन्ही एका पालखीत ठेवल्या आणि पंढरीची वाट धरली.