स्टेथॉस्कोपचे जनक : डॉ. रने लेनेक

डॉक्टर म्हटले की गळ्यातली नळी डोळ्यांपुढे यावी, इतके स्टेथॉस्कोपचे आणि वैद्यकीय व्यवसायाचे साहचर्य आज दृढ झाले आहे. परंतु या उपकरणाच्या जनकाचे नाव डॉक्टरमंडळींखेरीज फारसे कोणाला ठाऊक नसते. रने लेनेक यांनी एक नळी शोधून काढली, एवढे सांगून भागण्यासारखे नाही. माणसाच्या छातीत कोणता रोग घर करून बसला आहे हे तो माणूस जिवंत असतानाच सांगता येते, हे त्यांनी पद्धतशीरपणे दाखवून दिले. आणि ज्या रोगाचे निदान त्यांनी जगाला शिकविले, त्याच रोगाने वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी त्यांचा बळी घेतला.

लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातील कँपेर या गावी झाला. पाचव्या वर्षी मातृछत्र हरपले. वडील वकील होते, पण संसाराकडे त्यांचे लक्ष बेताचेच. मुलाचा सांभाळ नाँत शहरी डॉक्टर असलेल्या चुलत्यांनी केला आणि वैद्यकाचे पहिले धडेही त्यांनीच दिले. ते दिवस राज्यक्रांतीचे होते. घरासमोरच्या चौकातच गिलोटिन उभे होते. १८०१ मध्ये लेनेक पॅरिसला आले, नेपोलियनचे वैद्य कॉर्व्हिसार यांच्या हाताखाली शिकले आणि १८०४ मध्ये डॉक्टर झाले.

त्यांच्या चरित्रातील १८१४ चा प्रसंग मला विशेष मोलाचा वाटतो. नेपोलियनचा पडता काळ सुरू झाला होता. जखमी व ज्वरग्रस्त सैनिकांनी पॅरिसची रुग्णालये भरून गेली होती. त्यांत ब्रिटनीच्या खेड्यापाड्यांतून सक्तीने भरती केलेली कोवळी पोरे होती. त्यांना ब्रेटन या मायबोलीवाचून दुसरी भाषा येत नव्हती आणि फ्रेंच डॉक्टरांना ब्रेटनचे एक अक्षर कळत नव्हते. लेनेक यांनी या रुग्णांना एकत्र ठेवून आपल्या देखरेखीखाली देण्याची व्यवस्था करवून घेतली. ब्रेटन भाषा त्यांनी परिश्रमपूर्वक आत्मसात केली होती. तिच्यातून ते या मुलांची विचारपूस करीत.

यातले मर्म बंगळूरच्या मराठी माणसाला निराळे समजावून सांगावयास नको. धाप, दम, ढास, उबळ, उसण, बरगडीत चमक मारणे, छाती भरून येणे हे सारे आपल्या घरातील वडीलधारी माणसे नेमकेपणाने वेगवेगळे वापरतात. दुभाष्यामार्फत डॉक्टरांच्या कानी जाईपर्यंत त्या सर्वांचा मिळून एक खोकला झालेला असतो! माझे आयुष्य केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीत गेल्यामुळे असे प्रसंग अनेक प्रांतांत पाहावयास मिळाले.

असो. त्या काळी छातीच्या रोगाचे निदान म्हणजे बहुतांशी अनुमानच होते. नाडी पाहावी, जीभ पाहावी, रोग्याचे म्हणणे ऐकावे, एवढीच साधने. व्हिएन्नाचे आउएनब्रुग्गर या डॉक्टरांनी छातीवर बोटाने ठोकून आवाजावरून आतील स्थिती ओळखण्याची युक्ती १७६१ मध्येच प्रसिद्ध केली होती. आपण बाजारात मडके घेताना टिचकी मारून पाहतो, त्याच जातीची ही परीक्षा. तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८०८ मध्ये कॉर्व्हिसार यांनी त्या पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर करून तिला पुन्हा उजेडात आणले.

१८१६ मध्ये लेनेक यांची पॅरिसच्या नेकर रुग्णालयात नेमणूक झाली. त्याच वर्षी हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी त्यांच्याकडे आली. तिच्या स्थूलपणामुळे ठोकून काही कळेना, आणि छातीला कान लावणे तिचे वय व स्त्रीपण पाहता प्रशस्त नव्हते. लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला तो आवाज स्पष्ट ऐकू येतो, हे त्यांना आठवले. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके नुसत्या कानाने ऐकू आले असते त्याहून स्वच्छ ऐकू आले. पुढे त्यांनी लाकडाची, सुमारे एक फूट लांबीची पोकळ नळी स्वतःच कातून तयार केली. लेनेक बासरी वाजवीत, हेही येथे नोंदवून ठेवतो.

खरे काम यानंतरचे आहे. रोज रुग्णांच्या छातीतील आवाज ऐकायचे, टिपून ठेवायचे आणि रुग्ण दगावल्यास शवविच्छेदन करून आपला तर्क पडताळून पाहायचा, असा त्यांचा क्रम सुमारे तीन वर्षे चालला. न्यूमोनियाच्या आरंभी तापल्या भांड्यात मीठ तडतडावे तसा बारीक आवाज येतो. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली असेल, तर रोग्याचे बोलणे थेट छातीतून नळीत आल्यासारखे वाटते. फुप्फुसाभोवतालच्या आवरणात पाणी झाले असेल, तर तेथे ठोकल्यास बद्द आवाज येतो, श्वास ऐकू येईनासा होतो आणि पाण्याच्या वरच्या काठाशी बोलणे शेळीच्या बेंबाटण्यासारखे कापरे होते. आवरणात पाण्याऐवजी हवा शिरली असेल, तर ठोकलेला आवाज पोकळ घुमतो, पण श्वास मात्र ऐकू येत नाही. बाहेरून एकसारख्याच दिसणाऱ्या या धापेचे असे निरनिराळे उलगडे प्रथमच होऊ लागले.

१८१९ मध्ये त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी भाषांतर करणारे जॉन फोर्ब्झ यांनाच हे साधन सार्वत्रिक वापरात येईल असा भरवसा नव्हता, हे वाचून आज हसू येते. दुसरी आवृत्ती १८२६ मध्ये निघाली. पहिलीची रचना आवाजांच्या अनुक्रमाने होती. दुसरीत एकेक रोग घेऊन त्याची विकृती, निदान व उपचार असा क्रम लावलेला आहे. त्यांतला उपचारांचा भाग अर्थातच दुबळा आहे. रक्त काढणे, जळवा लावणे, हवापालट! क्षयरोग्यांच्या खोल्यांत समुद्राची हवा निर्माण व्हावी म्हणून लेनेक यांनी समुद्रातील शेवाळही ठेवून पाहिले. रोग ओळखता येत होता, हटविता येत नव्हता. कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखविला १८८२ मध्ये. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी त्याच व्याधीने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या, तेव्हाही डॉक्टरांच्या हाती औषध नव्हते. ते १९४० नंतरच्या दशकात आले.

औषध आल्यानंतरची कथा आपल्या बंगळूरशी निगडित आहे. १९५९ मध्ये येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिच्या संशोधकांनी तुमकूर जिल्ह्यात केलेली एक पाहणी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. क्षयरोगी आपण होऊन दवाखान्यात येत नाहीत, हा तोवरचा समज तिने खोटा ठरविला. सुमारे निम्मे रोगी लक्षणे घेऊन आधीच दवाखान्यात जाऊन आलेले होते, आणि बऱ्याच जणांची बोळवण खोकल्याच्या औषधावर झाली होती. खोकला घेऊन आलेल्या माणसाची थुंकी तपासा, हे १९६२ पासूनच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचे सूत्र अशाच अभ्यासांतून सिद्ध झाले.

लेनेक यांची प्रकृती मुळातच किरकोळ होती. ग्रंथ पुरा होताच ती ढासळली आणि दोन वर्षे त्यांना ब्रिटनीत जाऊन राहावे लागले. १८२१ मध्ये ते परतले, प्राध्यापक झाले. देशोदेशींचे विद्यार्थी त्यांच्याभोवती जमू लागले. १८२४ मध्ये त्यांनी विवाह केला. सुमारे वीस वर्षांपूर्वी क्षयग्रस्त मणका करवतीने कापताना त्यांच्या बोटाला जखम होऊन तेथे गाठ आली होती, तिची हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. रोगाचे मूळ तेथेच होते असे मात्र म्हणता येणार नाही.

१८२६ च्या वसंतात खोकला व ताप हटेना, तेव्हा त्यांनी नात्यातील तरुण डॉक्टर मेरियादेक यांच्या हाती नळी दिली, स्वतःची छाती तपासावयास लावली आणि काय ऐकू येते ते सांगावयास सांगितले. मेरियादेक यांनी वर्णन केलेले आवाज कशाचे, हे त्या खोलीत दोघांनाही ठाऊक होते. लेनेक ब्रिटनीतील केर्लुआर्नेक येथील आपल्या घरी परतले आणि १३ ऑगस्ट १८२६ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. मृत्युपत्रात त्यांनी आपले कागदपत्र, घड्याळ, अंगठी आणि तो स्टेथॉस्कोप मेरियादेक यांच्या नावे ठेवला होता.